पोस्टग्रेसचा लॉग: विरामचिन्हांपुरते एक परीक्षण

पोस्टग्रेस या डेटाबेसवर लिहिणारे बहुतेक जण त्याचा वेग, इंडेक्सचे प्रकार किंवा रेप्लिकेशनची सोय यांविषयी लिहितात. हे परीक्षण त्याच्या फारच लहान अंगाचे आहे: हा सर्व्हर आपल्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, पूर्णविराम, कोलन, अवतरणचिन्हे आणि कंस कसे वापरतो, आणि लॉग वाचणाऱ्या माणसाला व त्याचे तुकडे पाडून घेणाऱ्या प्रोग्रामला त्याचा कितपत उपयोग होतो. विषय क्षुल्लक वाटेल. पण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ही गोष्ट ज्याने ती ओळ लिहिली त्याच्या सवयीवर सोडलेली असते, आणि एकाच प्रोग्रामच्या एका ओळीच्या शेवटी पूर्णविराम, दुसरीच्या शेवटी तीन टिंबे आणि तिसरीच्या शेवटी उद्गारचिन्ह असा प्रकार सर्रास दिसतो. पोस्टग्रेसने याबाबत लेखी नियम केले आहेत. ते अधिकृत दस्तऐवजात ‘एरर मेसेज स्टाइल गाइड’ या नावाने सर्वांसाठी खुले आहेत, आणि त्यामुळे या सॉफ्टवेअरला त्याच्याच फूटपट्टीने मोजता येते. पुढील नमुन्यांतील शब्द मराठीत आणले आहेत. विरामचिन्हे आणि त्यांच्या भोवतीच्या मोकळ्या जागा मूळ संदेशांत आहेत तशाच ठेवल्या आहेत.

नियमाचा गाभा असा, की संदेश एकसंध नसतो, त्याचे भाग असतात: मुख्य संदेश, तपशील, सूचना आणि संदर्भ. मुख्य संदेशाची सुरुवात कॅपिटल अक्षराने करायची नाही, शेवटी पूर्णविराम द्यायचा नाही, आणि उद्गारचिन्हाचा तर विचारही मनात आणायचा नाही. तपशील आणि सूचना मात्र पूर्ण वाक्यांत लिहायच्या, त्यांची सुरुवात कॅपिटल अक्षराने करायची आणि शेवट पूर्णविरामाने. संदर्भाची ओळ पुन्हा वाक्यखंडच असते, त्यामुळे तिला पूर्णविराम नाही. टेबलात आधीच असलेली की (ओळ ओळखण्याचे एकमेव मूल्य) पुन्हा घालण्याचा प्रयत्न केला, की हे दोन्ही नियम एकाखाली एक दिसतात:

एरर:  दुबार की मूल्यामुळे युनिक कन्स्ट्रेंटचा भंग होतो "यूजर्स_पीकी"
डिटेल:  की (आयडी)=(१) आधीपासून अस्तित्वात आहे.

पहिली ओळ उघडी सोडलेली आहे, दुसरी बंद केलेली आहे. हा फरक केवळ दिसण्यापुरता नाही. मुख्य संदेश कोणाच्या वाक्यात जाऊन बसणार आहे हे तो लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. तो कदाचित लॉगमध्ये एकटा उमटेल, कदाचित एखादे ॲप्लिकेशन त्याच्या पुढे-मागे स्वतःचे शब्द जोडील, कदाचित तो कंसात टाकला जाईल. शेवटी पूर्णविराम दिला, तर या प्रत्येक ठिकाणी तो कोणीतरी काढावा लागेल, आणि तो कोणीही काढत नाही. गाइडमध्ये नियमामागचे कारण म्हणून हेच दिलेले आहे, आणि पोस्टग्रेसच्या स्वतःच्या क्लायंट लायब्ररीत (सर्व्हरशी जोडणाऱ्या प्रोग्रामच्या बाजूच्या कोडमध्ये) त्याचा पुरावाही सापडतो. पासवर्ड चुकल्यावर आवृत्ती १४ पासून साधारण असा संदेश येतो:

जोडणी, सर्व्हर "लोकलहोस्ट" (१२७.०.०.१), पोर्ट ५४३२ अयशस्वी: फेटल:  पासवर्ड पडताळणी अयशस्वी, यूजर "अमुक"

पहिल्या कोलनपर्यंतचा भाग क्लायंटच्या बाजूला तयार झाला, त्यापुढचा सर्व्हरने पाठवला. दोन वेगवेगळ्या प्रोग्रामनी, कदाचित दोन वेगवेगळ्या यंत्रांवर, अर्धे-अर्धे वाक्य लिहिले आणि ते एका कोलनवर जुळले. दोघांपैकी कोणीही आपला तुकडा पूर्ण वाक्य असल्याचा आव आणला नाही, म्हणूनच हे शक्य झाले. याच कारणासाठी अपयशाचे कारण सांगण्याची पोस्टग्रेसची ठरलेली रीतही कोलनचीच आहे: आधी काय करता आले नाही ते, मग कोलन, मग ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेले कारण. फाइल उघडता आली नाही, तर कोलननंतर ‘अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही’ या अर्थाचा सिस्टिमचा मजकूर येतो. तो मजकूर मूळ इंग्रजीत कॅपिटल अक्षराने सुरू होतो, त्यामुळे गाइडने इतक्या काळजीने टाळलेले कॅपिटल अक्षर ओळीच्या मधोमध येऊन बसतेच. त्याला पोस्टग्रेसचा इलाज नाही. सिस्टिमच्या त्या मजकुराला शेवटी पूर्णविराम नसतो, एवढे मात्र दोन्ही पक्षांचे आपोआप जमलेले आहे.

एक गंमत जाता जाता नोंदवावीशी वाटते. सर्व्हरपर्यंत पोहोचताच आले नाही, तर लायब्ररी खाली टॅब देऊन एक ओळ जोडते, आणि ती ओळ म्हणजे चक्क प्रश्न असतो: सर्व्हर त्या होस्टवर चालू आहे का आणि टीसीपी/आयपी जोडण्या स्वीकारतो आहे का? शेवटी रीतसर प्रश्नचिन्ह. प्रश्न विचारणारे संदेश सहसा वैताग आणतात, पण येथे तो सूचनेच्या जागी आहे, वापरणाऱ्याने पुढे नेमके काय तपासावे ते सांगतो, आणि मुख्य संदेशात घुसत नाही.

अवतरणचिन्हांचा नियम मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटतो. फाइलची नावे, वापरणाऱ्याने दिलेली नावे आणि ज्यात शब्द असू शकतील असे कोणतेही बदलते मूल्य दुहेरी अवतरणात घालायचे. ज्यात शब्द असूच शकत नाहीत, उदाहरणार्थ ऑपरेटरची नावे, तेथे अवतरण द्यायचे नाही. याचा पहिला फायदा उघड आहे: टेबलाचे नावच एखाद्या सामान्य शब्दासारखे असेल, तर नाव कोठे संपले आणि वाक्य कोठे सुरू झाले हे कळते. दुसरा फायदा प्रत्यक्ष काम करताना जाणवतो. कॉन्फिगरेशनमधले मूल्य चुकून रिकामे राहिले, तर अवतरणाविना ओळ अशी दिसते: उघडता आली नाही फाइल : अशी फाइल नाही. वाचणारा कोलनपूर्वीची जादा जागा छपाईची चूक समजून पुढे जातो. अवतरणासह तीच ओळ दोन चिन्हे रिकामी दाखवते, आणि रोग जागच्या जागी सापडतो. नावाच्या शेवटी चिकटलेली मोकळी जागाही अशीच उघडी पडते. पूर्णविराम वगळण्याचा नियम येथे अवतरणाच्या मदतीला येतो, कारण ओळीच्या शेवटी फाइलचा मार्ग असेल आणि त्यापुढे पूर्णविराम असेल, तर तो मार्गाचा भाग आहे की वाक्याचा, हे फाइलच्या नावात टिंब चालत असल्यामुळे ठरवता येत नाही. मार्ग निवडून टर्मिनलमध्ये चिकटवणाऱ्याच्या हाती ते टिंबही येते.

इथवरची प्रशंसा चुकीच्या संदेशांची झाली. सर्व्हर सुरळीत चालू असताना जे लिहितो, त्या ओळींकडे वळले की चित्र बदलते. लॉगमध्ये संख्येने अधिक असतात त्या याच ओळी.

जोडण्यांच्या नोंदी चालू केल्या, की प्रत्येक जोडणीमागे साधारण अशी ओळ मिळते: जोडणी मंजूर: यूजर=अमुक डेटाबेस=तमुक ॲप्लिकेशन_नेम=रिपोर्ट. नाव, बरोबरचे चिन्ह, मूल्य, मोकळी जागा, पुन्हा नाव. येथे एकाही मूल्याला अवतरण नाही. वास्तविक ही तीनही मूल्ये ‘ज्यात शब्द असू शकतील’ याच वर्गातली आहेत. डेटाबेसच्या नावात मोकळी जागा चालते. ॲप्लिकेशनचे नाव तर जोडणारा क्लायंट स्वतः पाठवतो, त्यात मोकळी जागाही चालते आणि बरोबरचे चिन्हही. आणि जोडणी एन्क्रिप्टेड असेल, तर त्या नावाच्या पुढे लगेच एन्क्रिप्शनचा तपशील कंसात लिहिला जातो. म्हणजे ज्याला मनात आले तो आपल्या ॲप्लिकेशनचे नाव असे ठेवू शकतो, की वरवर पाहणाऱ्याला जोडणी एन्क्रिप्टेड असल्यासारखी वाटावी. आवृत्ती १४ मध्ये पडताळणीची जी नवी ओळ आली, तिच्यात ओळख सांगणारे मूल्य व्यवस्थित दुहेरी अवतरणात आहे. त्यामुळे आज एकाच जोडणीच्या लागोपाठ येणाऱ्या ओळींत एक मूल्य अवतरणात आणि बाकीची उघडी, अशी विसंगती दिसते. नवी ओळ बरोबर आहे. जुनीला तिच्यासारखे करायला हवे होते.

चेकपॉइंटची, म्हणजे मेमरीतले बदल ठरावीक वेळाने डिस्कवर उतरवल्याची, ओळ अधिक बारकाईने पाहण्यासारखी आहे. आवृत्ती १५ पासून ती आपोआप चालू असते, त्यामुळे ती प्रत्येकाच्या लॉगमध्ये सापडेल. आकड्यांपुरता नमुना म्हणून (‘वॉल’ म्हणजे बदलांची आगाऊ नोंद ठेवणाऱ्या फाइली):

चेकपॉइंट पूर्ण: लिहिले ५ बफर (०.०%); ० वॉल फाइल(स) वाढवल्या, ० काढल्या, ० पुन्हा वापरल्या; राइट=०.४०३ से, सिंक=०.००२ से, टोटल=०.४१२ से; सिंक फाइल्स=४, लाँगेस्ट=०.००१ से, ॲव्हरेज=०.००१ से; डिस्टन्स=१२ केबी, एस्टिमेट=१२ केबी

या एका ओळीत कोलन, कंस, अर्धविराम, स्वल्पविराम आणि बरोबरचे चिन्ह अशी पाच प्रकारची चिन्हे कामाला लावली आहेत, आणि त्यांची उतरंड चुकलेली नाही: कोलनच्या आधी घटना, नंतर तिचा हिशेब, अर्धविरामाने गट वेगळे केले, स्वल्पविरामाने गटातले घटक. डोळ्यांना ही ओळ तिच्या लांबीच्या मानाने आश्चर्यकारक सहज वाचता येते, आणि अर्धविरामाचा इतका शिस्तशीर उपयोग गद्य लिहिणारेही अलीकडे फारसा करत नाहीत. प्रोग्रामला मात्र ती जड जाते. पहिले दोन गट वाक्यासारखे आहेत, त्यांत आकडा आधी येतो आणि बरोबरचे चिन्ह नाही. पुढचे गट नाव-मूल्याचे आहेत. ‘सिंक फाइल्स’ या नावात मोकळी जागा आहे, त्यामुळे नाव-मूल्य जोड्या वेचणारे साधे साधन ‘सिंक’ हा शब्द गमावते आणि ‘फाइल्स’ एवढेच नाव धरते. एकक मूल्यापासून मोकळ्या जागेने वेगळे, म्हणजे तेही सुटते. एकवचन-अनेकवचनाचा प्रश्न कंसातल्या एका अक्षराने टाळलेला आहे. पोस्टग्रेसच्याच संदेशयंत्रणेत अनेकवचनासाठी वेगळी सोय असताना ही पळवाट येथे का राहू दिली, हे समजायला अवघड नाही: एका ओळीत तीन-तीन संख्या असल्या, की ती सोय अपुरी पडते.

ऑटोव्हॅक्यूमच्या, म्हणजे टेबलांतल्या मृत ओळींच्या आपोआप होणाऱ्या सफाईच्या, ओळीत दोन कोलन लागोपाठ येतात, पहिला शीर्षकाचा आणि दुसरा मूल्याचा, आणि दोन्हींत काही भेद दाखवलेला नाही. तेथे टेबलाचे नाव डेटाबेस, स्कीमा (टेबलांचा गट) आणि टेबल असे तीन भागांत, टिंबांनी जोडून, एकाच अवतरणात लिहिले जाते. टिंब असलेले नाव पोस्टग्रेसला चालते, त्यामुळे अशा नावाचे तीन भाग कोठे तुटतात हे लॉगवरून सांगता येत नाही. असे नाव ठेवणारा विरळा, हे मान्य.

क्वेरीला (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेला) लागलेल्या वेळेची ओळ याहून साधी आहे: ‘ड्युरेशन’, कोलन, मिलिसेकंदांचा आकडा, मग ‘स्टेटमेंट’, कोलन आणि क्वेरी. आकड्याचे एकक आणि ‘स्टेटमेंट’ हा शब्द यांच्यामध्ये दोन मोकळ्या जागा आहेत, आणि विभाजक म्हणायचा तर तो तेवढाच. ‘एरर’ किंवा ‘लॉग’ या शब्दानंतरच्या कोलनपुढेही दोनच जागा असतात. वेबपानावर किंवा चॅटमध्ये ओळ चिकटवली, की दोनाची एक होते, आणि त्या दोन जागांवर विसंबून लिहिलेला पॅटर्न जुळेनासा होतो. तपशिलात दोन वाक्ये असतील तर पूर्णविरामानंतरही दोन जागा सोडाव्यात, असे गाइड इंग्रजीपुरते सांगते. टाइपरायटरच्या काळातली ही सवय लॉगमध्ये काही कामाची नाही, आणि उचलायचीच असेल तर गाइडमधली ही एक गोष्ट वगळून बाकीचे उचलावे.

यावर सहज सुचणारे उत्तर असे, की लॉग जेसन या नाव-मूल्य जोड्यांच्या ठरीव मांडणीत घ्यावा, म्हणजे विरामचिन्हांचा प्रश्नच मिटला. आवृत्ती १५ ने, म्हणजे २०२२ साली, ही सोय दिली, आणि ती उत्तम आहे: मुख्य संदेश, तपशील, सूचना, संदर्भ आणि पाच अक्षरांचा एरर कोड हे सर्व वेगवेगळ्या रकान्यांत येते. संदेशाचे भाग पाडण्याची जुनी शिस्त येथे फळाला येते, कारण जे मुळातच वेगळे लिहिले होते ते वेगळे ठेवणे सोपे गेले. साध्या लॉगमध्ये तपशिलाची ओळ स्वतंत्र असते आणि बहुओळी संदेशाच्या पुढच्या ओळी टॅबने सुरू होतात. ओळीमागून ओळ उचलणाऱ्या साधनांना ते जुळवून घ्यावे लागते, ते कष्ट जेसनमध्ये वाचतात. पण चेकपॉइंटची ती लांबलचक ओळ जेसनमध्येही एका रकान्यात जशीच्या तशी बसते, तिच्यातल्या आकड्यांना स्वतंत्र रकाने मिळत नाहीत. शिवाय प्रत्येक दुहेरी अवतरणाच्या आधी उलटी तिरकी रेघ येते, आणि सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने वेगळे करणाऱ्या) लॉगमध्ये ते अवतरण दुप्पट होते; कच्ची फाइल डोळ्यांनी वाचणाऱ्याला ही किंमत मोजावी लागते. अवतरणाने रिकामे मूल्य दाखवण्याचा जो फायदा आहे त्यापुढे ती मला कमी वाटते.

इतरांशी तुलना करता पोस्टग्रेसची बाजू बरीच वरचढ दिसते. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस सुरू झाल्यावर जी ओळ लिहितो, तिच्यात ‘जोडण्यांसाठी तयार’ नंतर पूर्णविराम, मग आवृत्ती कोलन देऊन एकेरी अवतरणात, मग दोन मोकळ्या जागा देऊन सॉकेट आणि पोर्ट, आणि सर्वांत शेवटी परवान्याच्या नावापुढे पुन्हा पूर्णविराम. ते ना वाक्य, ना यादी. लिनक्स कर्नलची कोडिंग स्टाइल याबाबत दोनच वाक्यांत आटोपते: संदेशाला पूर्णविरामाची गरज नाही, आणि आकडे कंसात छापल्याने काही साधत नाही, तेव्हा ते टाळावे. दुसरा सल्ला लोकांनी अधिक मनावर घ्यायला हवा. कोड कंसात, प्रोसेसचा क्रमांक कंसात, वेळ कंसात अशा ओळी पाहून कंस हा अलंकार आहे असे वाटू लागते. डॉटनेटमधली सेरिलॉग ही लायब्ररीही लॉगमधला संदेश हा वाक्य नसून वाक्यखंड आहे असे स्पष्ट म्हणते आणि शेवटचा पूर्णविराम टाळायला सांगते.

गो भाषेच्या कोड रिव्ह्यूच्या टिपांमधला भेद यांहून बारीक आहे. एरर म्हणून वर पाठवायच्या मजकुरात कॅपिटल अक्षर आणि शेवटचे विरामचिन्ह नको, कारण तो दुसऱ्या मजकुरात मिसळणार. लॉगच्या ओळीला मात्र हा नियम लागू नाही, कारण ती स्वतंत्र ओळ म्हणूनच छापली जाते. पोस्टग्रेसच्या गाइडने हा भेद केलेला नाही, एररसाठी लिहिलेला नियम तेथे लॉगच्या ओळींनाही लावला जातो, आणि वर दाखवलेल्या त्रुटी नेमक्या तेथेच आहेत. एररच्या ओळीत पूर्णविराम नको हे सांगितले म्हणून चेकपॉइंटच्या ओळीत बरोबरचे चिन्ह कसे वापरावे याचे उत्तर मिळत नाही. आवृत्ती १.२१ पासून गोसोबत येणारे लॉगचे पॅकेज नाव-मूल्य पद्धतीने लिहिताना ज्या मूल्यात मोकळी जागा, अवतरण किंवा बरोबरचे चिन्ह असेल त्याला अवतरण देते. पोस्टग्रेसच्या जोडणीच्या ओळीला हाच उपाय पुरला असता.

नियमाची अंमलबजावणी पोस्टग्रेसमध्ये बरीचशी माणसांवर सोडलेली आहे. पॅच, म्हणजे कोडमधले प्रस्तावित बदल, तपासणारे लोक पूर्णविराम हेरतात आणि काढायला लावतात. शिवाय चाचण्यांचे अपेक्षित निकाल फाइलमध्ये अक्षरशः साठवलेले असल्याने एररच्या संदेशातले एक चिन्ह बदलले तरी चाचणी फसते, आणि भाषांतराच्या फाइलींत मूळ संदेश हाच शोधण्याचा दुवा असल्याने तेथेही जुळणी तुटते. या दोन गोष्टींमुळे संदेश स्थिर राहतात, पण चांगल्याबरोबर वाईटही स्थिर राहते. ज्यांना हे गाइड आपल्या प्रकल्पासाठी घ्यायचे आहे त्यांच्याकडे इतके चिकाटीचे तपासनीस बहुधा नसतील, म्हणून यंत्राने करायची तपासणी सोबत ठेवावी. गोमध्ये स्टॅटिकचेक या कोड तपासणाऱ्या साधनाचा एसटी१००५ हा नियम एररच्या मजकुराची सुरुवात आणि शेवट पाहतो. तो लॉगच्या ओळी पाहत नाही, चालू प्रोग्राममध्ये जोडून तयार होणारा मजकूर पाहत नाही, आणि मधल्या अवतरणांशी किंवा बरोबरच्या चिन्हांशी त्याला कर्तव्य नाही. तेवढ्यासाठी कोडमधल्या लॉगच्या ओळी शोधून अवतरणाविना छापली जाणारी मूल्ये हेरणारी छोटी स्क्रिप्ट स्वतः लिहून बिल्डमध्ये घालावी लागेल.